पुरात बुडालेला बागेतला छोटा ट्रॅक्टर घरीच पुन्हा चालू कसा करायचा

२०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला तेव्हा आप्पांचा, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांचा, छोटा ट्रॅक्टर कृष्णेकाठच्या भिलवडीत गोठ्याशेजारी उभा होता. पाणी वाढायलंय म्हणून जनावरं काढली, म्हातारी माणसं काढली, जमतील तेवढी धान्याची पोती काढली आणि ट्रॅक्टर राहिला. तिकडं सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, तिथं पाणी ५७ च्या वर गेलं होतं, त्यामुळं नदीकाठच्या गावात काय हाल झाले ते आपल्या भागातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. पाणी उतरल्यावर ट्रॅक्टर जागच्या जागीच होता आणि मडगार्डवर गाळाची रेघ अशी सरळ उमटलेली की कुणी दोरी लावून मारलीय.

हा ट्रॅक्टर म्हणजे मित्सुबिशी शक्ती एमटी १८० डी, साडेअठरा एचपी, तीन सिलेंडर, फोर व्हील, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद जाणारा. ज्यांची द्राक्षबाग आहे त्यांना माहितीय की ८-९ फुटांच्या ओळीत मांडवाखालनं मोठा ट्रॅक्टर जात नाही, आणि ऑक्टोबर छाटणी झाली की ब्लोअरशिवाय, म्हणजे ट्रॅक्टरला जोडायच्या औषध फवारणी यंत्राशिवाय, एक दिवस निघत नाही. पण पुरानंतर बागेचीच दुरुस्ती एवढी निघाली की ट्रॅक्टर लिंबाच्या झाडाखाली ओढून ठेवला तो तसाच राहिला. मध्ये एका मिस्त्रीनं बघून सांगितलं भंगारात घाला, भंगारवाल्यानं किलोवर भाव केला, आणि आप्पा त्या दिवशी जेवले नाहीत. तेव्हा मी ठरवलं की हा मी करणार. मी कुपवाड एमआयडीसीत लेथवर असतो, ट्रॅक्टरचा मिस्त्री नाही, पण दर रविवारी बसून आठ महिन्यात तो चालू केला. तुमच्याकडं असा पुरातला किंवा नुसता वर्षानुवर्षं पडून असलेला छोटा ट्रॅक्टर असेल तर मी काय केलं, कुठं चुकलो आणि कशाच्या आधी काय करायचं ते सगळं सांगतो.

सगळ्यात पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चालू करायची घाई करू नका. नवी बॅटरी लावून सेल्फ मारून बघू, किंवा दुसऱ्या ट्रॅक्टरला साखळी लावून ओढून बघू, हे अजिबात करायचं नाही. आत पाणी असेल, गाळ असेल, पिस्टनची एखादी रिंग गंजून लायनरला, म्हणजे सिलेंडरच्या आतल्या नळीला, चिकटली असेल, तर त्या एका झटक्यात रिंग मोडते, कनेक्टिंग रॉड वाकतो, गिअर बॉक्समधली बेअरिंगं कोरडी फिरून खराब होतात. जे काम दोन-चार हजारात होणार होतं ते इंजिन बांधणीवर जातं. पडून असलेला ट्रॅक्टर आणखी महिनाभर पडला तर काही बिघडत नाही, ओढून चालू करताना बिघडतो.

कागदपत्रांचं आधी बघून घ्या म्हणजे नंतर हळहळ नको. घरचाच असेल तर आरसी काढून तारीख बघा, नोंदणी १५ वर्षांची असते आणि मग पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. विकत घेणार असाल तर मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही घेतल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि आरसीवर बँकेचा बोजा असेल तर एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ पाहिजेच. चेसिस नंबर गंजाखाली असला तर वायर ब्रश हलका मारून, कागद ठेवून वरनं पेन्सिल घासून घ्या, ग्राइंडर तिथं लावायचाच नाही.

आता पाणी शोधायचं. मडगार्डवरची किंवा टायरवरची गाळाची रेघ हाच आपला नकाशा. त्या रेघेच्या खाली जे जे आहे त्या सगळ्यात पाणी शिरलंय असं धरूनच चालायचं, मग ते बाहेरनं कितीही कोरडं दिसू दे. आमच्या ट्रॅक्टरची रेघ सेल्फच्या मध्यावर होती, म्हणजे इंजिनचा चेंबर (खालची ऑइलची टाकी), क्लचचं हौसिंग, गिअर बॉक्स, मागचा एस्केल (चाकांचा अॅक्सल), ब्रेक, सेल्फ आणि पुढचा एस्केल एवढं सगळं पाण्यात. त्यातल्या एका गोष्टीनं आप्पांनी इंजिन वाचवलं होतं. पाणी उतरलं त्याच आठवड्यात त्यांनी चेंबरचा बोल्ट काढून सगळं पाणी-ऑइल सोडलं, त्यात डिझेल आणि ऑइल मिसळून भरलं, हातानं क्रँक फिरवून ते परत सोडलं आणि मग नवं ऑइल भरून ठेवलं. तुमच्या ट्रॅक्टरला असं कुणी केलं नसेल तर चेंबर खाली घ्या आणि एका कनेक्टिंग रॉडची कॅप उघडून बेअरिंग आणि क्रँकची जर्नल (बेअरिंग फिरतं तो गुळगुळीत भाग) डोळ्यांनी बघा. कॅप काढायच्या आधी कुठली कॅप कुठल्या रॉडची आणि कुठल्या बाजूनं बसलीय ते खूण करून ठेवा, उलटी बसली तर बेअरिंग जातं. जर्नल आरशासारखी असेल तर नशीब चांगलं, गंजाचे खड्डे असतील तर क्रँक काढून ग्राइंड करून अंडरसाइज बेअरिंग टाकावं लागेल, ते घरचं काम नाही.

फोर व्हीलवाल्यांनी पुढचा एस्केल विसरायचा नाही. बहुतेक जण मागचा गिअर बॉक्स धुतात आणि पुढचं तसंच सोडतात, कारण पुढच्या एस्केलमध्ये पण ऑइल असतं हेच कुणाच्या लक्षात येत नाही. मध्ये डिफरन्शियल आणि दोन्ही टोकांना चाकाजवळ गिअरचं हौसिंग, आणि सोडायचे बोल्ट वेगवेगळे. मी डाव्या चाकाजवळचा बोल्ट सैल केला तर पहिल्यांदा स्वच्छ पाणी आलं, थेंब थेंब नाही तर चांगली धार, मग चहाच्या रंगाचा गाळ आला, तो संपल्यावर थांबून थांबून पांढरट, ताकासारखं झालेलं ऑइल उतरायला लागलं. पाणी जड म्हणून तळाला, ऑइल वर, एवढी वर्षं ते तसंच थर धरून बसलेलं. ह्याचा फायदा असा की वरच्या गिअरला ऑइलची ओल मिळाली, आणि तोटा असा की खालची बेअरिंगं सगळी वर्षं पाण्यात. उजव्या बाजूचं एक बेअरिंग बोटानं फिरवलं तर कराकरा वाजत होतं. गंज धरलेलं बेअरिंग धुऊन, ऑइल लावून चालतंय का बघू असं करू नका, त्याच्या गोळ्यांवर खड्डे पडलेले असतात, बदलूनच टाका. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, तो नंबर घेऊन सांगली-मिरजेत कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात जा, ट्रॅक्टरचं नाव सांगायची पण गरज पडत नाही. ऑइल सील मात्र जुनं कितीही चांगलं दिसलं तरी नवंच घाला.

गिअर बॉक्स धुवायची रीत अशी. सगळं सोडून घ्यायचं, मग डिझेल आणि थोडं स्वस्तातलं ऑइल मिसळून भरायचं, मागची दोन्ही चाकं जॅकवर उचलून खाली मजबूत लाकडी गुटके ठेवायचे, नुसत्या जॅकवर विश्वास ठेवून खाली शिरायचं नाही, आणि एकेका गिअरमध्ये टाकून चाकं हातानं फिरवायची. अर्धा तास फिरवा, रात्रभर राहू दे, सकाळी सोडा. मी हे तीन वेळा केलं, तिसऱ्यांदा तळाला गाळ आला नाही तेव्हा थांबलो. वरचं झाकण काढून टॉर्च मारून आतले गिअर बघितले की मनाला समाधान मिळतं. आणि गिअर बॉक्सचा ब्रीदर, म्हणजे हवा जायची-यायची टोपी, काढून फुंकून साफ करा, पुराचं पाणी बऱ्याचदा तिथनंच आत जातं आणि तिथंच गाळाची गोळी अडकून बसते. लिफ्टला हेच ऑइल असेल तर हायड्रोलिकचा फिल्टर पण काढून धुवा किंवा बदला, नाहीतर सगळा गाळ पंपात.

आता इंजिन. आप्पांनी खालनं वाचवलं होतं पण वरनं पाणी गेलं, कारण सायलेन्सरचं तोंड वर आणि त्यावर डबडं उपडं घातलेलं नव्हतं. एवढे पावसाळे सायलेन्सरमधनं पाणी उतरलं आणि ज्या सिलेंडरचा एक्झॉस्ट वाल्व त्या वेळी उघडा होता त्यात गेलं. क्रँकच्या पुलीच्या नटाला सॉकेट लावून हातानं फिरवून बघितलं तर हलायला तयार नाही. इथं टॉमीला चार फुटी पाइप घालून जोर करायचा मोह होतो, तो आवरा. ह्या इंजिनाला तीन ग्लो प्लग असतात, ज्याला आपल्याकडं हीटर म्हणतात, ते काढले की त्या भोकातनं आत तेल सोडता येतं. मी डिझेल आणि गिअरचं पातळ ऑइल निम्मं-निम्मं करून प्रत्येक सिलेंडरमध्ये दोन-दोन मोठे चमचे सोडलं आणि चार दिवस हात लावला नाही, पाचव्या दिवशी परत थोडं सोडलं. आठव्या दिवशी सॉकेटला हातानं हलकासा झोका दिला, पुढं थोडं, मागं थोडं, आणि खूप वेळानं आतनं एक बारीकसा टक असा आवाज आला आणि पुली दोन बोटं सरकली. तिथंच थांबायचं, परत तेल, परत दुसऱ्या दिवशी. पूर्ण फेरा व्हायला आणखी दोन दिवस गेले. हे झालं की हीटर न बसवताच पुली भरपूर फिरवा म्हणजे आतलं सगळं तेल भोकातनं बाहेर उडेल, समोर तोंड नेऊ नका. तेल आत राहिलं आणि हीटर बसवून सेल्फ मारला तर तेल दाबलं जात नाही, रॉड वाकतो. आणि खाली उतरलेलं डिझेल चेंबरच्या ऑइलमध्ये गेलेलं असतं, म्हणून चालू करायच्या आधी ते ऑइल सोडून नवं १५ डब्ल्यू ४० भरायचं.

आठ-दहा दिवस असं करूनही नाहीच हललं तर हेड उघडा. हेडचे बोल्ट सोडताना आणि आवळताना एका बाजूनं ओळीनं जायचं नाही, आवळताना मधल्यापासनं बाहेर, तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्यानं. टॉर्क पाना नसेल तर एखाद्या गॅरेजकडनं दिवसभरासाठी मागून आणा, ह्या कामाला अंदाज चालत नाही.

क्लचवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. नुसता पडून असलेल्या ट्रॅक्टरची क्लच प्लेट दमटपणानं फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनाच्या मागच्या जड चाकाला, चिकटते, तेवढंच असेल तर पेडल दाबून लाकडानं अडकवून ठेवायचं, इंजिन गरम करायचं आणि मोकळ्या रानात मोठ्या गिअरला ब्रेकचे हलके झटके द्यायचे, बऱ्याचदा सुटते. पण पुरातल्या ट्रॅक्टरला हा उपाय नाही, कारण हौसिंगमध्ये गाळ वाळून विटेसारखा झालेला असतो. खालचं तपासायचं भोक उघडलं तर माझ्या बोटाला माती लागली, त्यातच कळलं की ट्रॅक्टर मधनं फोडावा लागणार, म्हणजे इंजिन आणि गिअर बॉक्स वेगळे करावे लागणार.

फोडायला भिऊ नका पण तयारी पूर्ण करा. आधी बॅटरी काढा, डिझेलचे पाइप, वायरिंग, अॅक्सिलरेटरचा रॉड, स्टीअरिंगचं जे काय आडवं येतंय ते, आणि फोर व्हील असेल तर पुढच्या एस्केलला जाणारा शाफ्ट. प्रत्येक बोल्ट जिथला तिथंच परत हातानं लावून ठेवा, नाहीतर पुठ्ठ्यावर हौसिंगचा आकार काढून त्यात भोकं पाडून बोल्ट खोचा. मग सगळ्यात धोक्याची गोष्ट. पुढचा एस्केल मध्ये एका पिनवर डोलतो, म्हणून तर खाचखळग्यात पुढची चाकं वर-खाली होतात. मागचा भाग सुटा झाला की इंजिनाला डोलायला रान मोकळं. म्हणून एस्केल आणि वरची फ्रेम ह्यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना लाकडी पाचर ठोकून ते घट्ट करायचं. मी एका बाजूला ठोकली, दुसऱ्या बाजूला बसवलेला गुटका थोडा बारीक होता आणि मी म्हणलं चालतंय, शेवटचा बोल्ट काढला आणि सगळं इंजिन त्या बाजूला कलंडलं. पुतण्या त्याच बाजूला बसलेला होता, आप्पांनी त्याला दंडाला धरून मागं ओढला. जॅकनं धरलं म्हणून पडलं नाही. तो रविवार तिथंच संपवला. पाचर दोन्हीकडं ठोकून, हातानं हलवून बघितल्याशिवाय शेवटचा बोल्ट काढू नका आणि पोरांना जवळ उभं करू नका.

फुटल्यावर आतला गाळ आधी लाकडी पट्टीनं खरवडून काढा, पाणी मारायची घाई नको. फ्लायव्हीलवर वरवरचा गंज असेल तर ८० नंबरचा पॉलिश पेपर मारून जातो, खड्डे असतील तर लेथवर नेऊन बारीक कट घ्या. क्लच प्लेट नवीन, रिलीज बेअरिंग नवीन, आणि फ्लायव्हीलच्या मधलं छोटं बेअरिंग पण नवीन, कारण त्या एका बेअरिंगसाठी परत ट्रॅक्टर फोडायचं कुणाच्या नशिबी नको. रिलीज बेअरिंग डिझेलमध्ये धुवायचं नसतं, आतलं ग्रीस निघून जातं. प्लेट मध्यावर बसवायला मी लेथवर एक नायलॉनचा पिना केला, पुढचं टोक छोट्या बेअरिंगच्या मापाचं आणि मागचं प्लेटच्या भोकाच्या मापाचं, तुम्हाला तेवढं जमत नसेल तर झाडूच्या दांड्याला चिकटपट्टी गुंडाळून माप आणता येतं. जोडताना एक युक्ती फार कामाला येते, दोन लांब बोल्टची डोकी कापून ते समोरासमोरच्या भोकांत लावायचे, म्हणजे दोन्ही भाग त्यांच्यावरनं सरकत सरळ येतात. शेवटचं बोटभर अंतर राहिलं आणि जात नसेल तर फ्लायव्हील हळूच फिरवून स्प्लाइन (शाफ्टवरच्या खाचा) जुळवा. बोल्ट आवळून ओढून घेऊ नका, हौसिंगचा कान मोडतो.

डिझेलच्या बाजूला माझं म्हणणं एवढंच की जुन्या टाकीवर पहिल्या चालूला भरवसा ठेवू नका. टाकी काढून आतला शेवाळासारखा काळा थर धुवून, वाळवून मगच बसवा. टाकीला भोक असेल तर घरी वेल्डिंग कधीच मारू नका, रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची असते, आत वाफ धरलेली असते. मी पहिलं चालू करायला पाच लिटरचा कॅन वर टांगून त्यातनं नवं डिझेल दिलं, फिल्टर नवीन टाकला आणि नोझल, म्हणजे सिलेंडरमध्ये डिझेल फवारणारे इंजेक्टर, टेस्टिंगला दिले. नोझल घरी उघड्यावर पंप मारून बघू नका, त्याची फवार एवढ्या दाबाची असते की बोटाच्या कातडीतनं आत घुसते आणि मग दवाखान्यात जावं लागतं. नोझलखालच्या तांब्याच्या वायसर नव्या घाला.

रेडिएटरचं थोडक्यात. आपल्या भागात बोअरचं पाणी क्षारानं भरलेलं, तेच वर्षानुवर्षं ओतलं की नळ्यांत चुना बसतो आणि मे महिन्यात इंजिन तापतं. रेडिएटर काढून कारागिराकडनं नळ्या साफ करून घ्या, होज पाइप दाबल्यावर कडकड वाजला तर बदला, आणि कूलंट डिस्टिल्ड पाण्यातच मिसळा.

वायरिंगचं मात्र बागवाल्यांनी नीट ऐका. ब्लोअरनं बोर्डो मारताना मोरचूद आणि चुन्याचा तो निळसर थर ट्रॅक्टरवर बसतो, आणि मोरचूद लोखंडाला आणि अॅल्युमिनियमला खातं. मडगार्डच्या आत, बॅटरीच्या पेटीखाली, सगळ्या जोडांवर तो साचतो. कुठलीही वायर सोला, वरनं चांगली दिसते आणि आत तांबं काळं किंवा हिरवं झालेलं असतं. उजळ तांबं लागेपर्यंत मागं कापत जा, नाहीच लागलं तर ती वायरच बदला. मी शेवटी जुनी सगळी वायरिंग काढून जमिनीवर पसरली, प्रत्येकाला चिकटपट्टीवर नाव लिहिलं आणि तशीच नवीन बांधली, फ्यूज बॉक्स वेगळा घातला. हीटरची आणि सेल्फची वायर जाडच पाहिजे. आणि अर्थिंगची पट्टी जिथं चेसिसला बसते तिथलं रंग-गंज सगळं घासून लोखंड चमकवा, निम्मी सेल्फ न फिरायची दुखणी तिथंच असतात. हे सगळं घासताना तोंडाला मास्क आणि हातात मोजे पाहिजेतच, तो थर नुसता गंज नसतो, त्यात वर्षांची औषधं असतात.

हीटर तपासायचं सोपं आहे, बाहेर काढून पकडीत धरून बॅटरीच्या निगेटिव्हला बॉडी आणि पॉझिटिव्हला टोक लावा, काही सेकंदांत टोक लालभडक झालं पाहिजे, नाही झालं तर तो मेला. आणि हीटरवाल्या इंजिनात ते फवारायचं स्टार्टिंग स्प्रे कधी मारायचं नाही, तापलेल्या हीटरवर पेट घेतं आणि पिस्टन फुटतो.

पहिलं चालू करायचा दिवस. आधी स्टॉपचा लिव्हर ओढून धरून नुसता सेल्फ मारा, दहा सेकंदांच्या वर नाही, मग एक-दोन मिनिटं थांबा, परत. ऑइलचा दिवा विझेपर्यंत हे करायचं. माझा हात शिवशिवत होता आणि आप्पा मागनं म्हणत होते, "आरं थांब की, आधी ऑइल तर वर चढू दे." दिवा विझला की एअर, म्हणजे डिझेलच्या पाइपात अडकलेली हवा, काढायचा, फिल्टरचा स्क्रू सैल करा, बुडबुडे जाऊन सलग डिझेल आलं की आवळा, मग पंपाचा स्क्रू तसाच, मग नोझलचे नट अर्धा फेरा सैल करून सेल्फ मारा, डिझेल उडायला लागलं की एकेक आवळा. आणि एअर क्लीनरचा पाइप काढून त्या तोंडाजवळ एक सपाट फळी घेऊन माणूस उभा करा. पंपाचा रॅक, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणारी आतली दांडी, वर्षानुवर्षं पडून अडकलेला असू शकतो, मग इंजिन चालू झाल्या झाल्या आपोआप रेस होत जातं आणि स्टॉप ओढूनही थांबत नाही, तेव्हा हवेचं तोंड फळीनं गच्च बंद करणं हाच उपाय. हात लावायचा नाही, फडकं लावायचं नाही, ते आत ओढलं जातं.

आमचा दुसऱ्या सेल्फला एका सिलेंडरवर पकडला, तिसऱ्याला दोन, आणि मग तिसरा सिलेंडर मिनिटभर पांढरा धूर ओकून एकदम जुळला. आप्पांनी बॉनेटवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

पांढरा धूर म्हणजे डिझेल जळत नाही, कुठलातरी सिलेंडर मारत नाही, गरम झाल्यावरही राहिला तर एकेक नोझलचा नट फडकं गुंडाळून जरा सैल करून बघा, ज्याचा सैल केल्यावर आवाजात फरक पडत नाही तो मेलेला. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, पडून असलेल्या इंजिनाच्या रिंग मोकळ्या व्हायला काही तास लागतात, लगेच घाबरू नका. काळा म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, एअर क्लीनर बघा. पहिल्यांदा दहा मिनिटांच्या वर चालवू नका, बंद करून सगळ्या जोडांखाली पुठ्ठा टाका, कुठं गळतंय ते पुठ्ठ्यावर दिसतं.

ब्रेकचे दोन्ही ड्रम उघडून गाळ काढा, दोन्ही पेडल सारखे धरतात का बघा. टायरच्या बाजूला चार आकडी कोड असतो, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. फोर व्हीलला टायर बदलताना मूळ मापच घ्या, पुढचं-मागचं प्रमाण बिघडलं तर फोर व्हील लावून पक्क्या रस्त्यावर चालवताना गिअरवर ताण येतो.

रंगाला घाई नको, पत्र्याचं काम पावसाळ्यात करूच नका, दमट हवेत रंगावर पांढरट झाक येते. मी दिवाळीनंतर केलं. गंज वायर व्हीलनं काढून, थिनरनं पुसून त्याच दिवशी रेडऑक्साइड मारा, रात्रभर उघडं ठेवलं तर सकाळी परत तांबूस होतं. बाकी पुट्टी, पेपर, दोन हात रंग, हे कुठलाही पेंटर करून देतो. डाव्या मडगार्डच्या आतल्या बाजूची ती गाळाची रेघ आप्पांनी रंगवू दिली नाही, त्यावर नुसतं क्लिअर मारलंय.

चालू झाल्यावर पहिल्या दहा तासांनी इंजिन ऑइल आणि फिल्टर, आणि पंचवीस तासांनी गिअर बॉक्सचं आणि पुढच्या एस्केलचं ऑइल परत बदला, कारण कितीही धुतलं तरी कोपऱ्यातला गाळ चालायला लागल्यावरच सुटतो. क्लच हौसिंगचे, चाकांचे आणि एस्केलचे बोल्ट पण तेव्हाच एकदा फिरवून बघा, माझे तीन सैल निघाले. पुढच्या डाव्या चाकाजवळनं पंचवीस तासांनी निघालेलं ऑइल मी काचेच्या बाटलीत भरून दोन दिवस खिडकीत ठेवलं, तळाला पाणी बसलं नाही. तिसऱ्या दिवशी आप्पांनी ब्लोअर जोडला.